आठ रोपांची जागा आहे, केलच्या कोणत्या जाती लावू?

पानवेडी

नमस्कार मंडळी. यंदा थंडीच्या हंगामात केल, म्हणजे कोबीच्या कुळातली ती पालेभाजी, लावायचा हे नक्की केलंय. जागा म्हणजे चार फूट लांब आणि चार फूट रुंद असा एक वाफा. सकाळपासून दुपारपर्यंत ऊन असतं, नंतर सावली येते. माती भुसभुशीत आहे, जुनं कुजलेलं शेणखत मिसळलेलं आहे. दाटी न करता आठ रोपं बसतील असा माझा हिशेब आहे.

बियांची यादी उघडली की मात्र डोकं चालेनासं होतं. बुटका निळा स्कॉच, विंटरबोर, रेडबोर, मग लासिनाटो, तोच म्हणे नीरो दि तोस्काना आणि तोच डायनासोर केल, तांबडा रशियन, सायबेरियन, शिवाय माणसाहून उंच वाढणारा जर्सी बेटाचा केल. प्रत्येकाखाली ‘चवीला उत्तम, वाढवायला सोपा’ एवढंच लिहिलेलं. त्यावरून काय ठरवायचं?

घरची परिस्थिती सांगते. मला कच्चं सॅलड आवडतं. नवऱ्याला सूप लागतं, पण त्यात पानांचा लगदा झालेला चालत नाही. मुलगी चिप्स सोडून दुसऱ्या कुठल्याच रूपात केल खात नाही. सासूबाईंना रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे आणि ‘हिरव्या भाज्या बंद’ असं त्यांना कुणीतरी सांगून ठेवलंय. मग त्यांनी केल खायचाच नाही का?

आणखी एक शंका. वेगवेगळ्या जाती शेजारी शेजारी लावल्या तर चवीत सरमिसळ होते का? आणि पुढच्या हंगामाला घरचं बी धरता येईल का?

खुरपेवाली

पानवेडीताई, कोण कसं खाणार हे तुम्ही आधीच लिहिलंत ते फार बरं केलंत. केलची जात स्वयंपाकघरातून निवडायची असते. फोटो बघून निवडली तर वाफा देखणा होतो आणि पानं खायची राहून जातात.

मी पुष्कळ वर्षं या भाजीच्या मागे आहे, आणि केल ही एकच भाजी आहे असं मला कधी वाटलेलं नाही. कुरळ्या केलचं एक पान आणि तांबड्या रशियनचं एक पान डोळे मिटून चावून पाहा. पहिलं जाड, कोरडं, दातांना कामाला लावणारं. दुसरं पातळ आणि मऊ, चार-सहा वेळा चावलं की संपलं. ही दोन्ही एकाच कढईत एकाच वेळी घातली तर एक कच्चं तरी राहतं, नाहीतर दुसरं विरून तरी जातं. केल आवडत नाही म्हणणारी बरीच माणसं चुकीच्या जातीचं पान चुकीच्या पद्धतीने खाऊन बसलेली असतात, असं माझं ठाम मत आहे.

त्यांचं कूळही एक नाही. सगळे कुरळे केल (तुमच्या यादीतले स्कॉच, विंटरबोर, रेडबोर), लासिनाटो आणि जर्सीचा उंच केल हे ब्रासिका ओलेरॅसिया, म्हणजे कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल यांची सख्खी भावंडं. तांबडा रशियन आणि सायबेरियन हे ब्रासिका नेपस, म्हणजे रेपसीड हे मोहरीसारखं तेलबी ज्या जातीतलं त्या जातीतले. कोबीची जात आणि सलगमाची जात यांच्या संकरातून नेपस तयार झाली. वू जांग-चुन या शास्त्रज्ञाने १९३५ साली हे गुणसूत्रांवरून मांडून दाखवलं: कोबीची १८, सलगमाची २०, आणि नेपसची दोन्हींची बेरीज, ३८. हे फक्त माहितीसाठी सांगत नाहीये, बी धरायची वेळ आली की हाच हिशेब कामाला येतो.

तुमच्या आठ जागा मी अशा वाटीन: तीन लासिनाटो, तीन तांबडे रशियन, दोन कुरळे.

लासिनाटो तुमच्या नवऱ्याच्या सुपासाठी. इटलीतल्या तोस्काना भागातली ही जुनी जात. पान लांबट, पट्टीसारखं सरळ, रंग इतका गडद हिरवा की संध्याकाळी काळाच वाटतो, आणि पृष्ठभागभर बारीक बारीक फुगवटे. पान उजेडात धरून बघा, प्रत्येक फुगवटा शिरांच्या जाळीतल्या एकेका चौकटीत उचलला गेलेला दिसतो. हे पान सुपात अर्धा तास उकळलं तरी अंगाने टिकतं. तिथल्या रिबोलिता नावाच्या सुपात हेच पान घालतात, सोबत पांढऱ्या शेंगबिया आणि शिळा पाव, आणि ते दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळून खातात. दोनदा उकळी सोसून जे पान पान राहतं ते तुमच्याकडे लगदा होणार नाही. शिवाय इतरांपेक्षा ही जात उष्मा जरा बरा सोसते. कडाक्याच्या थंडीत मात्र कुरळे हिच्यापेक्षा काटक.

तांबडा रशियन तुमच्या सॅलडसाठी. पान सपाट, कडा खोल कातरलेल्या, दांडा आणि शिरा जांभळट गुलाबी. कोवळं असताना, तळहाताएवढं व्हायच्या आत खुडलं तर चोळायचीही गरज नाही, तसंच खा. मोठं झालं की झटपट परता. त्याचा एकच दोष: खुडल्यावर लवकर मान टाकतो. बाजारात तो तितकासा दिसत नाही त्याचं हे एक कारण असावं, आणि म्हणूनच तो घरी लावण्यात अर्थ आहे. जी पानं प्रवास सोसत नाहीत ती वाफ्यातून थेट ताटात यायला हवीत.

कुरळा लेकीच्या चिप्ससाठी. झालरीमुळे पानाला कडाच कडा असतात, आणि चिप्समध्ये कुरकुरीत होतात त्या कडाच. बुटका निळा स्कॉच फूट-दीड फुटावर थांबतो, तुमच्या वाफ्याला योग्य. विंटरबोर संकरित आहे, उंच होतो आणि बर्फ पडला तरी उभा राहतो, पण त्याचं बी धरून उपयोग नाही, पुढची पिढी आईसारखी निघेलच असं नाही.

रेडबोर दिसायला सुंदर, पण कच्चा खायला चामट, आणि शिजवला की तो जांभळा रंग बराचसा पाण्यात उतरतो. सायबेरियन चांगला आहे, शिजवून तर फारच, पण तांबडा रशियन असताना इतक्या कमी जागेत दोन्ही नकोत. जर्सीचा केल राहू द्या. त्याच्या वाळलेल्या खोडाच्या हातात धरायच्या काठ्या करतात, खालची पानं पूर्वी जनावरांना घालत. चार फुटांच्या वाफ्यात तो बाकी सगळ्यांवर सावली धरेल.

चवीत सरमिसळ अजिबात होत नाही. परपराग पडला तरी फरक पडतो तो बियांत आणि त्यातून उगवणाऱ्या पुढच्या रोपांत. तुम्ही खाता ते पान आपल्या जातीचंच असतं.

आता लावणीचं. बी एक ते दीड सेंटिमीटर खोल. माती २० ते २५ अंशांवर असेल तर आठवड्याच्या आत कोंब वर येतात. रोपाला चार-पाच खरी पानं आली की वाफ्यात हलवायचं, पहिल्या पानांच्या देठापर्यंत खोल. आणि माती घट्ट दाबायची. इथे बहुतेकांचा हात हलका पडतो. कोबीवर्गाला बुडाशी पोकळ माती चालत नाही, पुढे डोकं जड झालं की रोप वाऱ्याने डुलतं आणि मुळं सैल होतात. एक जुनी परीक्षा आहे: लावून झाल्यावर एका पानाचं टोक चिमटीत धरून हलकेच ओढायचं. पानाचा तुकडा हातात आला आणि रोप जागचं हललं नाही तर लावणी नीट झाली. रोप वर आलं तर पुन्हा दाबा.

दोन रोपांत ४० सेंटिमीटर तरी ठेवा. पाणी नियमित हवं. माती एकदा कोरडी ठणठणीत आणि एकदा चिखल असं झालं की पान कडक आणि कडू होतं. आच्छादन घातलंत तर निम्मी चिंता मिटेल.

खुडायचं ते नेहमी खालून. बाहेरचं पान देठाच्या बुडाशी धरून खाली दाबलं की टक् असा आवाज येऊन स्वच्छ सुटतं. मधला शेंडा आणि त्याभोवतीची पाच-सहा पानं कधीही काढायची नाहीत, तेच रोपाचं इंजिन. रोप लावल्यापासून साधारण दोन महिन्यांत खुडणी सुरू होते आणि थंडी टिकली तर कितीतरी आठवडे चालते. खालची पिवळी पडलेली पानं मात्र रोपावर ठेवू नका, ती काढून खतात टाका.

थंडीबद्दल एक सांगायलाच हवं. पहिली चांगली थंडी पडेपर्यंत कुठल्याही केलबद्दल मत बनवू नका. गारठा वाढला की रोप पानांतल्या पिष्टाची साखर करतं. पेशीतलं पाणी गोठू नये म्हणून त्याची ती तजवीज असते, आणि आपल्याला ती जिभेवर गोड लागते. त्याच रोपाचं थंडीआधीचं पान आणि दहिवर पडून गेल्यावरचं पान यांत जो फरक पडतो तो कुठल्याही खताने पाडता येत नाही. त्यामुळे पेरणीची वेळ उलटी मोजा: रोपं भरात यायची वेळ आणि थंडीची वेळ एक आली पाहिजे. तुमच्याकडे दहिवर पडतच नसेल तरी रात्री गार होऊ लागल्या की थोडा फरक जाणवतोच.

काळी_माती

वरच्या प्रतिसादातलं जवळजवळ सगळं मान्य. कुरळ्याच्या बाबतीत मात्र माझं मत वेगळं आहे.

झालरीत मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, बसला की तो दिसत नाही. पान वरून ठणठणीत, उलटून झालर उघडली की आत राखाडी, पीठ लागल्यासारखी वस्ती. कोबीवर्गावरचा मावा अंगावर मेणचट भुकटी घेऊन असतो, त्यामुळे नुसत्या पाण्याने सहज धुतलाही जात नाही. सपाट पानावर तोच मावा पहिल्या दिवशी दिसतो आणि बोटाने पुसून टाकता येतो. ज्यांना दर दोन दिवसांनी वाफ्यात वाकून बघायला वेळ नाही त्यांनी कुरळा लावू नये असं मी सांगत असतो.

किडींचा क्रम साधारण असा असतो. रोपं लहान असताना पिसू भुंगेरे येतात, टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं पाडतात. रोप जोमात असेल तर ते त्यातून वर येतं. मग चौकोनी ठिपक्याचा पतंग. त्याची हिरवी अळी जेमतेम सेंटिमीटरभर. ओळखायची खूण: तिला काडीने हात लावला की ती जोरात वळवळत मागे सरकते आणि धाग्याला लटकून खाली उतरते. तसं केलं तर तीच. ही अळी कीटकनाशकांना फार लवकर सरावते, जगभर तिचं हेच दुखणं आहे, म्हणून एकच औषध पुन्हा पुन्हा मारू नका. बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस या अळ्या मारणाऱ्या जिवाणूची फवारणी अळ्या बारीक असतानाच आणि संध्याकाळी करा, उन्हात त्याचा जोर टिकत नाही. पानाच्या खालच्या बाजूला पोचलं पाहिजे.

तिसरी पांढऱ्या फुलपाखरांची अळी. त्यातली एक जात पिवळी अंडी घोळक्याने घालते. पान उलटून बघायची सवय लावली की अंडी असतानाच चिरडता येतात, आणि त्याहून सोपा उपाय जगात नाही.

आठच रोपं आहेत तर पहिल्या दिवसापासून बारीक जाळी घाला, कडा मातीत दाबून. केलला पानांसाठी मधमाशी लागत नाही, त्यामुळे जाळी पूर्ण हंगाम राहिली तरी नुकसान नाही. फक्त जाळी पानांना टेकू देऊ नका, फुलपाखरू जाळीवर बसून जाळीतूनच अंडी घालतं.

आणि त्या वाफ्यात आधीच्या हंगामात कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी असं काही होतं का? असेल तर दुसरी जागा बघा. गाठी मुळ्या नावाचा रोग मातीत बसला तर त्याचे बीजाणू पंधरा-वीस वर्षं टिकतात. दुपारी रोप कोमेजतं, संध्याकाळी सावरतं, उपटून बघावं तर मुळांच्या जागी सुजलेल्या गाठी. आम्लधर्मी, ओलसर मातीत तो जास्त माजतो. चुना घालून सामू (पीएच) ७.२ च्या आसपास नेला तर आटोक्यात राहतो, जात नाही.

खुरपेवाली

काळी_माती दादा, जाळीचं अगदी बरोबर आणि ते मी लिहायला हवंच होतं. कुरळ्याबद्दल एवढंच म्हणेन की दोनच रोपं आहेत, तीही जाळीखाली, तर लक्ष ठेवता येतं. खुडल्यावर मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून, मग वाहत्या पाण्याखाली झालर बोटांनी उलगडत धुवायचं. आणि ज्या रोपाच्या शेंड्यात मावा घुसलाय त्या रोपाशी झगडत बसू नये. काढून टाकावं, बाकीची वाचतात.

सूपप्रेमी

सुपाबद्दल दोन ओळी. पान किती वेळ शिजवायचं हे जातीवर आहे तितकंच चिरण्यावरही आहे. पोर्तुगालमध्ये काल्दो वेर्द नावाचं बटाट्याचं सूप करतात, त्यात उंच वाढणाऱ्या केलची पानं घट्ट गुंडाळी करून केसासारखी बारीक चिरतात आणि अगदी शेवटी, काही मिनिटंच शिजवतात. हिरवा रंग जसाच्या तसा राहतो. उत्तर जर्मनीत याच्या बरोब्बर उलट: कुरळा केल, ग्र्यूनकोल म्हणतात त्याला, तास-दोन तास मंद आचेवर, चरबीत. दोन्ही आपापल्या जागी अप्रतिम. घोटाळा होतो तो मधल्या वाटेने गेलं की. जाड चिरलेलं कुरळं पान दहा मिनिटं शिजवलं तर ना ते कोवळं लागतं ना मुरलेलं.

लासिनाटोचा दांडा काढायला सुरी नको. देठ एका हातात धरा, दुसऱ्या हाताच्या अंगठा-तर्जनीने दांड्यावरून पान ओरबाडत टोकापर्यंत न्या, हिरवा भाग अख्खा निघून येतो. दांडे फेकू नका, बारीक चिरून कांद्याबरोबरच परतायला टाका, त्यांना पानांपेक्षा आठ-दहा मिनिटं जास्त लागतात.

पानवेडी

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! वाफ्यात आधी वांगी होती, म्हणजे त्या रोगाची भीती कमी. जाळी आणते.

पण सासूबाईंचं राहिलं. आणि चिप्स. विकतचे आणले होते ते इतके खारट की लेकीला पाण्याचा तांब्या घेऊन बसावं लागलं. घरी कसे करता? बियांचंही नीट सांगा ना, खुरपेवाली ताई. मला एकदा तरी आपलं बी, आपलं रोप असं करून बघायचंय.

खुरपेवाली

सासूबाईंचं आधी. गोळीचं नाव बघा. वॉरफरिन किंवा त्या गटातली असेल तर ती व्हिटॅमिन के च्या विरुद्ध काम करते, आणि केल हा त्या व्हिटॅमिनचा मोठा साठा आहे. मोठ्या माणसाची रोजची गरज ९० ते १२० मायक्रोग्रॅम धरतात, शंभर ग्रॅम केलमध्ये त्याच्या कितीतरी पट असतं. म्हणून भीती घालतात. पण प्रश्न खाण्याचा नसतो, चढउताराचा असतो. महिनाभर काही नाही आणि मग एका आठवड्यात रोज वाडगाभर, असं केलं की गोळीचा मेळ बिघडतो. दर आठवड्याला ठराविक, थोडं, सारखं खाल्लं तर डॉक्टर त्याप्रमाणे डोस बसवू शकतात. तेव्हा पानं यायला लागायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना हेच विचारा: ‘आठवड्यातून एवढं, नियमित, चालेल का?’ आपल्या मनाने सुरूही करू नका. आणि गोळी अपिक्साबान किंवा रिव्हरॉक्साबान अशी नव्या गटातली असेल तर व्हिटॅमिन के चा तिच्याशी संबंध नाही, पण तेही डॉक्टरांच्या तोंडूनच ऐका.

त्यांना खायची परवानगी मिळाली तर मला मनापासून आनंद होईल, कारण त्या वयात हाडांसाठी ही भाजी खरोखर मोलाची आहे. पालकात कॅल्शियम आहे पण ऑक्झॅलेट नावाच्या घटकाने बांधलेलं, शरीराला त्यातलं जेमतेम पाच टक्के मिळतं. केलमध्ये ऑक्झॅलेट फार कमी. हीनी आणि वीव्हर या संशोधकांनी १९९० मध्ये मोजलं तेव्हा केलमधलं कॅल्शियम सुमारे ४१ टक्के शोषलं गेलं, दुधातलं ३२ टक्के. हिरव्या पानाने दुधाला मागे टाकलं हे वाचलं तेव्हापासून मी ज्याला त्याला सांगत सुटले आहे. थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांनी मात्र कच्च्याचा अतिरेक करू नये, शिजवून बेताने खावं.

चिप्स. शत्रू एकच, पाणी. पानं धुऊन कापडावर पसरा आणि पूर्ण कोरडी होऊ द्या, घाई असेल तर कापडात गुंडाळून झटका. दांडा काढून टाका, राहिला तर कडा जळतात आणि मधे ओलं राहतं. तेल अगदी थोडं, पण ते हाताने चोळून प्रत्येक झालरीत पोचवायचं. ट्रेमध्ये एकच थर, पानावर पान नको. १५० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटं. दहा मिनिटांनंतर तिथून हलायचं नाही, हिरवं ते तपकिरी हा प्रवास अर्ध्या मिनिटात होतो, आणि तपकिरी झालं की कडू. मीठ बाहेर काढल्यावर. भाजताना पान आक्रसतं पण मीठ तेवढंच राहतं, आधी घातलं की विकतच्यासारखं खारट होतं. एका वेळी लागतील तेवढेच करा, दुसऱ्या दिवशी ते मऊ पडतात.

कुरळ्याची दोन-चार पानं उरली तर तुमच्या सॅलडलाही चालतील. बारीक चिरून, मीठ, लिंबू आणि चमचाभर तेल घालून दोन-तीन मिनिटं हाताने चुरायची. हाताखाली जाणवतं बघा: सुरुवातीला पान बोटांना विरोध करतं, चरचर आवाज येतो, मग एका क्षणी ते ढिलं पडतं, रंग गडद होतो आणि ढीग निम्म्यावर येतो. तिथे थांबायचं. पेशींच्या भिंती मोडल्या की कच्चेपणा जातो.

आता बी. केल द्वैवार्षिक आहे. पहिल्या हंगामात पानं, मग काही आठवडे चांगली थंडी अंगावरून गेली की पुढच्या हंगामात पिवळी फुलं. थंडी पुरेशी नसेल तर तो नुसताच पानं देत राहतो, फुलतच नाही, हे आधी लक्षात घ्या.

फुलला तर इथे तो गुणसूत्रांचा हिशेब. लासिनाटो आणि कुरळा एकाच जातीचे, एकाच वेळी फुलले तर मधमाश्या त्यांची भेसळ करणार. आसपास कुणाचा कोबी, ब्रोकोली किंवा नवलकोल फुललेला असेल तर त्याच्याशीही. तांबडा रशियन नेपस असल्यामुळे या दोघांशी सहसा मिसळत नाही, त्याचं बी तुमच्या वाफ्यातही बऱ्यापैकी शुद्ध राहील. जवळपास रेपसीडचं शेत नसलं म्हणजे झालं. दुसरं असं की ओलेरॅसियाचं एकटं रोप स्वतःच्या परागाने बी धरत नाही, त्याला सोबत लागते, आणि वाण सुदृढ राहायला अनेक रोपांची. नेपस बऱ्याच अंशी स्वतःच्या परागानेही बी धरतो. म्हणून तुम्हाला एकच वाण धरायचं असेल तर तांबडा रशियन धरा. तिन्ही रोपं फुलू द्या. त्या वेळी जाळी काढायची. शेंगा वाळून पिवळसर झाल्या की फांद्या कापून कागदी पिशवीत उलट्या टांगा, पूर्ण वाळू द्या, मग चोळा. कोरड्या, गार जागी ठेवलं तर बी चार-पाच वर्षं उगवतं.

लासिनाटो आणि कुरळ्याला कळ्या आल्या तर त्या फुलायच्या आधीच खुडून खा. कोवळी दांडी आणि घट्ट कळ्यांचा गुच्छ, चार मिनिटं परतला की पुरे. माझ्या मते केलचं सगळ्यात चविष्ट अंग तेच, आणि ते कुठेही विकत मिळत नाही.

पानवेडी

ठरलं. तीन लासिनाटो, तीन तांबडे रशियन, दोन बुटके निळे स्कॉच. डॉक्टरांची वेळ पण घेतली. सासूबाई म्हणाल्या, ‘विचार तर, मला सूप आवडतं.’

शेवटचं एक: वाफ्यात कोण कुठे? आणि खुडलेली पानं फ्रीजमध्ये कशी ठेवू? आमच्याकडे एका आठवड्यात सगळं संपेलच असं नाही.

खुरपेवाली

लासिनाटो तिघांत उंच होणार, शेवटी खालचं खोड उघडं आणि वर पानांचा झुबका असं दिसतं. त्यांना ऊन येतं त्याच्या विरुद्ध कडेला एका ओळीत लावा, म्हणजे सावली वाफ्याबाहेर पडेल. मधल्या ओळीत तिन्ही तांबडे रशियन. उन्हाच्या बाजूला दोन कुरळे, दोघांच्या मधे जरा जास्त जागा सोडून. तिथून हात सहज पोचतो, आणि झालर उलटून बघायचं काम त्यांच्याचकडे सगळ्यात जास्त आहे. कुरळ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत पहिले काही आठवडे पातीचा कांदा निघेल.

पानं न धुता ठेवा. किंचित ओलसर कापडात गुंडाळून पिशवीत, फ्रीजच्या गार भागात. सफरचंद किंवा पिकलेली केळी शेजारी नकोत, त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने पानं पिवळी पडतात. तांबडा रशियन त्याच दिवशी खाऊन टाका, कुरळा आणि लासिनाटो आठवडाभर राहतात. जास्तच झाली तर उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, घट्ट पिळून मुठीएवढे गोळे करून फ्रीजरमध्ये. सुपात तो गोळा न वितळवता थेट टाकता येतो.

बी मात्र याच आठवड्यात टाका. तांबड्या रशियनचं थोडं जास्त टाका, विरळणीत निघतील ती रोपं तुमचं पहिलं सॅलड.